वरचं दार

वरच्या हॉटेलात उतरलेल्या माणसाला स्कीवरून घसरायचा कंटाळा आला तर त्यानं काय करावं, याची एक पुस्तिका आहे. जाड कागद, सोनेरी कडा. पान एकवर घोड्याची घसरगाडी, मांडीवर मेंढीचं कातडं. पान दोनवर गोठलेल्या तळ्यावर दगड सरकवायचा खेळ, सोबत गरम वाइन. मग कुत्र्यांची गाडी. मग उघड्या बर्फात वाफाळत्या पाण्याचा हौद. त्यात गळ्यापर्यंत बसून माणसं एकमेकांच्या डोक्यावर बर्फ ठेवतात आणि फोटो काढतात. पान पाचवर हेलिकॉप्टरनं शिखरावर नाश्त्याला. आमच्या गावची माणसं शिखरावर एकाच कामासाठी जायची, हरवलेली मेंढी आणायला, आणि न्याहारी करून जायची.

पान सहावर मी आहे. थेओडुल, वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी दाढी, तोंडात पाइप. मी पाइप ओढत नाही. तो फोटोवाल्याचा होता. खाली लिहिलंय: ‘आत्म्यांची वाट. बर्फात पाय रुतू न देणाऱ्या जाळीच्या खडावा घालून, गावच्या अखेरच्या कथेकऱ्याबरोबर बर्फातून चाला. नंतर तीनशे वर्षं जुन्या घरात वितळलेल्या चीजचा आस्वाद घ्या.’

मी जन्मभर थापा मारल्या हे इथं कुणालाही विचारा. लांडग्याला स्की शिकवल्याची गोष्ट मी एका बेल्जियन न्यायाधीशाला पचवली होती; तो पुढच्या वर्षी लांडगा बघायला पुन्हा आला. हे त्यातलं नाही. असतं, तर मी याहून चांगलं सांगितलं असतं, आणि सांगताना माझे दात असे एकमेकांवर घासले नसते.

ते तीनशे वर्षांचं घर आमचं. माझं आणि माझ्या बहिणीचं, फिलोमेनाचं. चर्चच्या वर, हिमनदीच्या खाली, बरोबर मधोमध. त्याला समोरासमोर दोन दारं. खालचं चर्चकडे, वरचं बर्फाकडे. आमच्याकडे वर्षातून चार बुधवार उपासाचे असतात. त्यातला थंडीतला जो बुधवार, त्या दिवशी दुपारी तीनची घंटा झाली की आधी वरचं दार उघडायचं, मग खालचं. घरातल्यांनी शेगडीभोवतीच्या बाकावर पाय वर घेऊन बसायचं, बोलायचं नाही. चारची घंटा झाली की दोन्ही लावून घ्यायची. गावातले गेलेले लोक दफनभूमीतून निघून हिमनदीवर जातात, तिथं बर्फात उभं राहून आपापलं प्रायश्चित्त घेतात, आणि आमचं घर त्यांच्या वाटेत आहे. एवढंच. वाट अडवायची नाही. भूत नाही, खेत नाही. शेजाऱ्याची गाय आपल्या अंगणातून जाते तसं.

पाहुण्यांना मात्र मी हे उलटं सांगायचो. आत्मे बर्फातून खाली येतात आणि चर्चमध्ये ऊब घ्यायला जातात, असं. पैसे देऊन आलेल्या माणसाला प्रायश्चित्त कशाला ऐकवायचं? ऊब म्हटलं की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चाळीस वर्षं मी ती गोष्ट उलटी चालवली, आणि फिलोमेना चाळीस वर्षं मला एकाच नावानं हाक मारत आली. थापाड्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घर हॉटेलला विकलं. म्हणजे मी विकलं. तिनंही सही केली, पण पेन असं दाबलं की कागद फाटला आणि वकिलाला दुसरी प्रत काढावी लागली.

हॉटेलचा संचालक नेगेली झुरिकचा. चांगला माणूस आहे, आणि चांगल्या माणसांचा मला जास्त राग येतो, कारण त्यांना शिवी देता येत नाही. त्यानं घराला हात लावताना मला बोलावून विचारलं.

“थेओडुल, परंपरा मोडायची नाहीये मला. ते जातात कुठल्या दारानं?”

मी तोंड उघडलं. पुस्तिका छापून आली होती. पान सहा टेबलावर माझ्याकडेच बघत होतं.

“खालच्या,” मी म्हणालो.

“मग खालचं दार जसंच्या तसं. वरच्या बाजूला पूर्ण काच घालतो. हिमनदी काय दिसेल तिथून! आणि आत्म्यांना आत यायला काचेची काय अडचण? जायला दार असलं म्हणजे झालं.”

फिलोमेनाला कळलं तेव्हा ती माझ्याकडे आली. बसली नाही.

“त्याला खरं सांग.”

“काय सांगू? चाळीस वर्षं खोटं बोललो म्हणून?”

“हो. तेवढंच सांग. सोपं आहे.”

“फिलो, आता कोण मानतं हे सगळं?”

“तू मानतोस,” ती म्हणाली. “नाहीतर इतका चिडला नसतास.”

मी सांगितलं नाही. मग तिनं हॉटेलात जाऊन चीज वाढायची नोकरी धरली. ऐंशी वर्षांची बाई. कारण विचारलं तर म्हणाली, त्या बुधवारी आत आपल्या घरचं कुणीतरी हवं. येणाऱ्यांना ओळखीचा चेहरा तरी दिसेल. अडकले आणि आत सगळे परकेच दिसले, तर ते काय करतील सांगता येत नाही.

“आणि तू अडकलीस तर?”

“तर तू आहेस की बाहेर,” ती म्हणाली. यात टोमणा होता की नव्हता हे मी अजून ठरवतोय.

तो बुधवार आला. सकाळपासून धुकं, इतकं दाट की चर्चचा कळस सुद्धा दिसेना. हॉटेलचे नऊ पाहुणे, सगळे नव्या कोऱ्या कपड्यांत. त्यात मिलानच्या एक दंतवैद्य बाई होत्या, ओर्नेला नावाच्या, हसऱ्या आणि बडबड्या. खडावा बांधून आम्ही दफनभूमीच्या भिंतीपासून निघालो. मी पुढे, नेगेली सर्वांत मागे.

दहा माणसं जाळीच्या खडावांवर चालतात त्याचा एक आवाज असतो. कोरडा, पापड मोडल्यासारखा. मी पन्नास वर्षं तो ऐकलाय. मागे न बघता मी सांगू शकतो किती जण आहेत, कोण लंगडतंय, कोण थांबून फोटो काढतंय. त्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत तो आवाज बरोबर होता. मग त्याच्या खाली दुसरा सुरू झाला. मऊ. खडावांशिवायचा.

मी थांबलो. मागचे सगळे थांबले. मऊ आवाज थोडा उशिरा थांबला.

“काय झालं?” ओर्नेलाबाईंनी विचारलं.

“काही नाही. श्वास घ्या.”

घरात फिलोमेना शेगडीशी बसली होती. अर्धं चाक चीज विस्तवासमोर, हातात लांब सुरी. वितळलेला थर ताटलीत खरवडायचा, दोन उकडलेले बटाटे, लोणच्याची काकडी, पुढची ताटली. नेगेलीनं पाहुण्यांना बाकांवरच्या गाद्यांवर बसवलं. वरची सगळी भिंत काचेची. हिमनदी दिसत नव्हती; नुसतं पांढरं. तीनची घंटा झाली आणि नेगेलीनं स्वतः, टाय सावरून, खालचं दार उघडलं.

धुकं आत आलं नाही. ते उंबऱ्याशीच थांबलं. थंडी मात्र आली, आणि तिला वास होता. ओल्या लोकरीचा आणि विझवलेल्या मेणबत्तीचा.

“सांग त्यांना, थेडी,” फिलोमेना म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. “कुठून येतात आणि कुठं जातात ते सांग. अजून वेळ आहे.”

नऊ चेहरे माझ्याकडे वळले. नेगेलीही बघत होता. माझे कान तापले.

“आमच्या ताई वयानं थोड्या…” असं म्हणून मी कपाळाशी बोट फिरवलं.

सगळे हसले. नेगेली सुद्धा. फिलोमेनानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चीज खरवडायला घेतलं.

मी गोष्ट सांगू लागलो. उलटीच.

बाकांवर वीस माणसं आरामात बसतात. आम्ही बारा होतो. गोष्टीच्या मध्यावर ओर्नेलाबाई म्हणाल्या, “सॉरी,” आणि बाजूला सरकल्या. त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. त्यांनी बघितलंही नाही; गर्दीत आपण जसं न बघता जागा देतो, तसं. मग त्यांच्या पलीकडचा माणूस सरकला. मग त्याच्या पलीकडचा. कोपरं अंगाशी गेली. कुणी पर्स मांडीवर घेतली. हळूहळू सगळे हलक्या आवाजात बोलू लागले, मग बोलायचे थांबले.

शेगडीपाशी एक फळी आहे. घर खचाखच भरलं की ती कुरकुरते, एरवी नाही. ती लग्नात वाजायची आणि मयताला.

ती वाजली.

फिलोमेना ताटल्या भरत होती आणि बाजूला देत होती. मी मोजत नव्हतो, पण सगळ्यांच्या मांडीवर ताटली होती आणि ती अजून भरतच होती, अजून देतच होती. अर्ध्या चाकाची चतकोर झाली.

मला कळत होतं. हे मी कबूल करतो. मला पहिल्या ताटलीपासून कळत होतं. पण नऊ माणसांसमोर तिनं मला खोटं पाडलं होतं, आणि आता उठलो असतो तर ती खरी ठरली असती. मी बसून राहिलो. चीजचा पाव हिस्सा वितळेपर्यंत मी बसून राहिलो.

नेगेली काचेशी उभा होता. त्याची पाठ काचेला सपाट चिकटली होती. हात अंगाशी आवळलेले, मान एका बाजूला, गाल काचेवर दाबलेला. त्याच्यासमोर पाच हात जमीन मोकळी होती.

“थेओडुल,” तो म्हणाला, “जरा… मागे व्हायला सांगा ना.”

“कुणाला?”

त्याला श्वास पुरत नव्हता.

ओर्नेलाबाई रडत होत्या, आवाज न करता. एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. खालच्या दारातून थंडी येतच होती. थांबत नव्हती. अजून मागे किती होते कोण जाणे.

मी फिलोमेनाकडे बघितलं. तिची सुरी थांबली होती. मान किंचित वर, दोन्ही खांदे उचललेले, गर्दीत बुडालेल्या माणसासारखे.

भिंतीवर शोभेला टांगलेली बर्फकुऱ्हाड मी ओढून काढली. पाच पावलांचं अंतर. मला खांद्यानं वाट काढावी लागली.

नेगेलीला कॉलरला धरून खाली पाडलं आणि काचेवर घाव घातला.

तिसऱ्या घावाला ती गेली.

मग ते निघाले. वारा नव्हता, तरी माझ्या दोन्ही बाजूंनी बाह्या घासून गेल्या. खरखरीत, ओल्या. बराच वेळ. शेवटी शेवटी, माझ्या उजव्या कानाशी, जाता जाता कुणीतरी म्हणालं, “उशीर केलास, थापाड्या.”

फिलोमेना डावीकडे होती. शेगडीशी, आपल्या जागेवर, हातात सुरी. मी तिच्याकडे धावलो. तिचे हात चाचपले, गाल चाचपले. गरम होते. मी तिथं खाली बसून लहान पोरासारखा रडलो, आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

चारची घंटा झाली. आणि मग नऊच्या नऊ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ओर्नेलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, असा अनुभव आयुष्यात नाही. नेगेलीच्या कपाळाला खोक पडली होती. तो आधी पांढराफटक होता, मग टाळ्या ऐकत हळूहळू त्याचा रंग परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. सिनेमात वापरतात तशी खोटी काच मिळते म्हणे. दर बुधवारी करायचं. पुस्तिकेत पान सहावरून पान एकवर. मी टेबलावरचा पेपरवेट त्याच्या दिशेनं फेकला. लागला नाही. म्हातारपणी नेम जातो, राग जात नाही.

फिलोमेनाला मी माझ्या घरी आणलं. मजेत आहे. जेवते, विणते, झोपते. एक मात्र झालंय, ती माझ्यावर चिडत नाही. मी मुद्दाम थापा मारतो. हिमनदीत मला मिशीवाला मासा सापडला म्हणून सांगितलं, लांडग्याची गोष्ट तर दोनदा सांगितली. ती तोंडाला पदर लावल्यासारखा शालीचा काठ लावते आणि हसते. म्हणते, पुढे सांग.

काल सकाळी तिनं कॉफी करून माझ्यापुढे ठेवली. मी घोट घेतला. तीन चमचे साखर.

मला साखरेचा आजार आहे, अठरा वर्षं झाली. निघाला त्या दिवशी फिलोमेनानं घरातली साखर कपाटात कुलूप लावून ठेवली, आणि किल्ली गळ्यात घातली. पाहुण्यालाही देत नसे. हे तिला माहीत नाही असं होणार नाही.

आईला माहीत असायचं कारण नव्हतं. ती गेली तेव्हा मी तिशीत होतो, आणि तीन चमचे घ्यायचो.