पहिला भात

क्वाककाकांनी दुकानाचं शटर खाली ओढलं तेव्हा इंचॉनच्या त्या गल्लीत अंधार पडून तास उलटला होता. काका वायरिंगची कामं करतात. हाताखाली दोघं, चानू आणि बोरा. बोराने आठवड्यापूर्वीच भाड्याची खोली घेतली होती आणि तिचं कौतुक काही संपत नव्हतं.

"एवढंसं स्वयंपाकघर आहे काका, पण बसवलंय झकास. वॉशिंग मशीनवर राइस कुकर, शेजारी सिंक, मधल्या फटीत सॉकेट. सगळं हाताशी."

"अर्थिंग आहे?"

"घरमालक म्हणाला, आहे."

"मग काय, असणारच," काका म्हणाले. चानू फिस्सकन हसला. "हसू नकोस रे. आमच्या दाजींनाही घरमालकच म्हणाला होता. बसा दोघं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. पटलं नाही तरी मध्ये बोलायचं नाही."

गोष्ट गेल्या वर्षीची. चांद्र दहाव्या महिन्याची दहावी तारीख, रात्रीचे सव्वादहा. काकांचे दाजी दोलसू बसमधून उतरले ते राइस कुकर पोटाशी धरून. सकाळी त्यांची मुलगी हेजू आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन नव्या भाड्याच्या खोलीत राहायला येणार होती. तिचा नवरा सोडून गेलेला. तिघं राहत होते ती जुनी इमारत पाडायला काढलेली, सकाळी आठला तिथलं दार कायमचं बंद होणार होतं. दुसरी खोली शोधताना बापलेकीने चपला झिजवल्या, पण तान्हं मूल म्हटलं की मालक तोंड फिरवत. ही एकच मिळाली. ही गेली तर रस्त्यावर यायची पाळी होती.

त्यात सामानाचा ट्रक मिळाला तो अकरा तारखेचा. जुनी माणसं सांगतात, घर बदलायचं ते नवव्या नाहीतर दहाव्या तारखेला, कारण त्या दोन दिवशी वाईट शक्ती रजेवर असतात. ते जमलं नाही तर निदान कुकर त्या दिवशी नव्या घरात न्यायचा आणि त्यात भात लावायचा. पहिला भात शिजला की घर आपलं, मग बाकीचं सामान कधीही येवो. दोलसू एरवी असल्या गोष्टींची टर उडवायचे. पण नातीचा प्रश्न आला की त्यांचं शहाणपण गुंडाळून ठेवलेलं असे.

मालकाने एका घराच्या चार खोल्या केल्या होत्या. पूर्वीच्या न्हाणीघराचं आता स्वयंपाकघर झालं होतं. स्टीलचं सिंक, त्याला खेटून वॉशिंग मशीन, आणि दोघांच्या फटीत एकुलतं एक सॉकेट. तांदूळ दोलसूंनी घरूनच धुऊन आणले होते. कुकर मशीनवर ठेवून त्यांनी पिन खोचली. सॉकेट जरासं आत सरकलं. मालकाच्या नावाने चार शब्द पुटपुटत त्यांनी बटण दाबलं.

"भात शिजायला सुरुवात होत आहे," कुकरमधली बाई गोड आवाजात बोलली.

दोलसू बाहेरच्या भिंतीला टेकून बसले. जरा डोळा लागला असेल. जाग आली ती शांततेने. कुकरचा दिवा विझला होता. पिन बाहेर होती, आणि वायर कुकरभोवती नीट गुंडाळून ठेवलेली.

आपणच विसरलो असू, ते मनाशी म्हणाले. त्यांनी पुन्हा पिन खोचली.

"भात शिजायला सुरुवात होत आहे."

या वेळी ते तिथेच उभे राहिले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हेजू होती.

"बाबा, इथला हीटर आजच तोडलाय हो. पोर गारठलीय. मी निघाले. टॅक्सीत आहे."

"ये," ते म्हणाले. वळून पाहिलं.

पिन बाहेर. वायर गुंडाळलेली.

आणि फरशीवर ओली पावलं. लहान, बायकी. सिंकपासून निघालेली, त्यांच्यापर्यंत आलेली... परत गेलेली नव्हती.

पळावं, तर लेक वाटेत. बाहेर थंडी उणे सहा. ते गुडघ्यांवर बसले आणि रिकाम्या खोलीशी बोलायला लागले.

"कोण असशील ती अस, बाई. आम्हाला हाकलू नकोस. तान्हं पोर आहे गं. आम्हाला दुसरं दार नाही. तू म्हणशील त्या कोपऱ्यात राहू. एवढा भात शिजू दे..."

...

नळातून एक थेंब पडला. तेवढंच.

त्यांनी तिसऱ्यांदा पिन खोचली. तळहाताने दाबून धरली. कुकर बोलला. दिवा लागला. विझला नाही. मग बाहेरचं दार वाजलं आणि त्यांना उठावं लागलं.

हेजू आत आली. बाळ पाठीला बांधलेलं, रडून रडून घसा बसलेला.

"फरशी ओली कशी, बाबा?" तिने भिजलेले मोजे काढले. "दूध करते. बाटली विसळून घेते आधी." ती अनवाणी सिंककडे निघाली.

सगळे दिवे गेले.

मेन स्विच दाराशेजारीच होता. दोलसूंनी चाचपून वर केला. लगेच खाली पडला. पुन्हा वर केला. पडला नाही... पाडला. त्यांच्या बोटांवर दुसरी बोटं होती.

ओली. गार.

"बाबा, दिवा लावा ना. नळ सापडेना. सिंकवर हात आहे माझा, पण..."

त्यांनी जीव खाऊन रेटलं. वरची बोटं खाली रेटत होती. नख मोडलं.

"सोड," ते दात आवळून म्हणाले. "सोड... पोर आहे..."

बोटं सोडेनात. पण ती थरथरत होती. त्यांच्या स्वतःच्या बोटांसारखीच.

आधी पिन. पिन. आता स्विच.

विनवण्या करणारे या खोलीत दोलसू एकटेच नव्हते.

त्यांनी हात खाली घेतला.

"हेजू... सिंकवरचा हात काढ. ... मागे ये. माझ्याकडे ये."

पावणेबाराला क्वाककाकांना फोन गेला. ते टेस्टर घेऊन धावले. बापलेकीला दाराबाहेर काढून त्यांनी मेन चालू केला, टेस्टर सिंकला लावला, आणि टेस्टरचा दिवा लागला. सॉकेटमध्ये पिन खोचली की ते आत सरायचं, मागची सोललेली वायर स्टीलला टेकायची, आणि अख्ख्या सिंकमध्ये करंट उतरायचा. अर्थिंगचा पत्ता नव्हता. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच मालकाने काढून टाकला होता आणि साधा बसवला होता. का, तर तो सारखा पडतो म्हणून भाडेकरू कटकट करतात.

काकांनी मेन खाली केला आणि त्यावर चिकटपट्टी मारली. आवाज ऐकून शेजारची आजी दारात आली होती.

"त्या खोलीतली मुलगी वसंतात गेली," आजी म्हणाली. "तिथेच, सिंकपाशी. मालक सांगतो, गावी गेली. फार टापटीप होती हो. घराबाहेर पडताना एकेक पिन काढायची, वायर गुंडाळून ठेवायची."

काकांनी बापलेकीला रात्री आपल्या घरी नेलं. उजाडताच तिघं परत आले. काका वायर नवी टाकणार होते, अर्थिंगसकट, पण हेजूचा धीर सुटला होता.

"भात कच्चाच राहिला, मामा. दहावी तारीख गेली. हे घर काही आपल्याला घेत नाही." ती उभ्याउभ्या रडायला लागली. "कुठे जाऊ हिला घेऊन?"

मेन खाली होता. चिकटपट्टी जशीच्या तशी. कुकरची पिन बाहेर होती, वायर नीट गुंडाळलेली. तांदूळ फेकून द्यावे म्हणून हेजूने झाकण उघडलं.

वाफ तिच्या तोंडावर आली.

भात शिजला होता. मोकळा, गरम. मधोमध एका चमच्याएवढा खळगा होता, कुणीतरी चव घेतल्यासारखा.

काकांनी वायर बदलली आणि हेजू तिथे राहिली. आजही राहते. पण घरातले चमचे त्या सकाळी खोक्यात बांधलेले होते. खोकं ट्रकमध्ये होतं. आणि ट्रक अजून यायचा होता.