गेटच्या आत गेलेला फोन

"माझा फोन मी देणार नाय. तुमचं ते पाळतीचं अ‍ॅपही घालून घेणार नाय. चोरी केली असेल तर सिद्ध करा!"

आम्रपाली जाधवने टेबलावर हात आपटला, आणि सखारामने मनातल्या मनात खटला निकाली काढून टाकला. एवढा तोरा म्हणजे हीच!

बाबूशेठांच्या काजू कारखान्याने सोलणीचं स्वतःचं यंत्र बनवून घेतलं होतं. त्याच्या आतल्या भागाचा फोटो राजापूरच्या स्पर्धकाकडे पोचला. कामगार बायकांचे फोन गेटवर जमा होत. सुपरवायझर म्हणून आम्रपालीचा तेवढा आत जाई. शेठ तिला आजच काढणार होते.

"मग मला कशाला बोलावलंत?" गंगाबाई मयेकरांनी विचारलं. रत्नागिरीत खासगी तपास करणाऱ्या या बाई, आणि सखाराम त्यांचा मदतनीस.

"पुराव्याला!"

गंगाबाईंनी त्या फोटोची शेठांच्या हाती आलेली छापील प्रत मागितली. करड्या लोखंडाचं यंत्र, झाकण उघडं. मग त्या शेडमध्ये गेल्या. यंत्र हिरवंगार होतं.

"रंग कधी दिलात?"

"आलं तेच रंगवून, वर्कशॉपातनं," वॉचमन राकेश म्हणाला.

"वर्कशॉपचा नंबर द्या, शेठ."

शेठ वैतागून फोन चाळू लागले. "कसली नावं ही! जिमवाला, हॉस्टेलवाला... मी कधी गेलोय जिमला? पुतण्याने, ऋत्विकने, फोन चालू करून दिला तेव्हापासनं हा उच्छाद."

"ऋत्विक कुठे असतो?"

"राजापुरात, नोकरीला."

गंगाबाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"फोटोत यंत्राला रंग नाही. म्हणजे तो वर्कशॉपातला. आम्रपाली तिथे गेली होती?"

"नाही. मीच जायचो," शेठ म्हणाले.

"वर्कशॉपवाल्यानेच काढला असेल!" सखाराम घाईने म्हणाला.

"शेठ, तुमचे फोटो उघडा."

वर्कशॉपात शेठांनी स्वतः काढलेल्या फोटोंत तोच फोटो, तसाच्या तसा.

"पण मी कुणाला पाठवला नाय ओ!"

"पाठवावा लागलाच नाही. ऋत्विकने फोन स्वतःच्या खात्यावर चालू केला. म्हणून त्याचे नंबर तुमच्याकडे आले, आणि तुमचे फोटो आपोआप त्याच्याकडे जातात. तिथून तो राजापूरच्या स्पर्धकाकडे गेला." त्यांनी खात्याचं पान उघडून ऋत्विकचं नाव दाखवलं. "सगळ्यांवर पहारा बसवलात. स्वतःचा फोन तेवढा विसरलात."

सखारामला स्वतःची लाज वाटली. शेठ घाम पुसत म्हणाले, "आम्रपाली, झालं गेलं. चूक झाली माझी. माफ कर."

"इथे नाय," आम्रपाली म्हणाली. "शेडमध्ये चला. सगळ्या बायकांसमोर बोला."

शेठ बसूनच राहिले. तिने दार उघडलं आणि धरून उभी राहिली, ते उठेपर्यंत.