बोरीची फांदी

नोक्वांडाचे डोळे पिवळेजर्द झाले, तेव्हा दवाखान्यातल्या बाईने मान वर न करता सांगितलं होतं, "क्षयाच्या गोळ्यांनी होतं असं. बंद करायच्या नाहीत." किनिसिलेने त्या गोळ्या लेकीला आणखी बारा दिवस स्वतःच्या हाताने दिल्या. तेराव्या दिवशी पोरगी बरळायला लागली. जोहान्सबर्गच्या मोठ्या इस्पितळात कळलं, यकृत पार निकामी झालंय, दुसरं बसवलं तरच जगेल. चूक त्या बाईची, आणि मरायचं एकोणीस वर्षांच्या पोरीने! किनिसिलेचं डोकं तेव्हापासून तापलेलंच होतं.

यकृत मिळालं. कोणाचं, ते सांगायचं नाही असा नियम. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि नोक्वांडा म्हणाली, "आई, पाणी."

दुपारी अतिदक्षता विभागात एक म्हातारा आला. हातात बोरीची काटेरी फांदी. किनिसिलेला काही सांगावं लागलं नाही. खाणीत मेलेल्या नवऱ्याला तिनेही असंच घरी नेलं होतं. माणूस गेला त्या जागी हाक मारायची, आत्मा फांदीवर घ्यायचा, टॅक्सीत त्याच्यासाठी वेगळी जागा धरायची, आणि घर येईपर्यंत कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही.

म्हातारा शेजारच्या रिकाम्या पलंगापाशी थांबला.

"बेकुमुझी, तुला जाऊन तीन दिवस झाले. चल बाळा, बाबा न्यायला आलाय, घरी जाऊ."

तीन दिवस. नोक्वांडाला यकृत मिळूनही तीनच दिवस झाले होते.

"चल, बेकुमुझी."

नोक्वांडाची बोटं आईच्या हातातून सुटली. डोळे मिटले.

नर्स धावली. तिने यंत्र पाहिलं, पुन्हा पाहिलं. "सगळं छान आहे, माई. यकृतही उत्तम चाललंय." मग हळूच म्हणाली, "पण ही उठत का नाहीये?"

"ए बाबा!" किनिसिले ओरडली. "तुझा तो ने ना! माझी कशाला नेतोस?"

म्हातारा वळला नाही. त्याला वळून बोलता येणारच नव्हतं.

तिने त्याला टॅक्सीतळावर गाठलं. तो खिडकीशी बसला होता, शेजारच्या जागेवर फांदी.

"बोल की! आधी त्या बयेने माझ्या पोरीला मारायला घेतलं, आता तू!"

म्हाताऱ्याचे डोळे भरले. ओठ त्याने घट्ट मिटून धरले.

तिने त्या जागेवर हात टेकला. नुकतंच कोणी उठावं तशी ती गरम होती.

तिने फांदीची एक डहाळी कडकन मोडली. तळव्यात काटा रुतला. टॅक्सी निघून गेली.

"काय माई, सरपण का?" इस्पितळाच्या फाटकावरच्या रखवालदाराने चिडवलं. ती बोलली नाही. नर्सशीही नाही. तिने डहाळी लेकीच्या उशाशी ठेवली आणि मगच तोंड उघडलं.

"पोचलो. उतर, बाळा."

नोक्वांडाने डोळे उघडले.

किनिसिलेला रडू फुटलं. पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि अदबीने विचारलं,

"मावशी, माझे बाबा गेले का हो?"