एक्केचाळिसावी फेरी

१९५६ साली मी अंबरनाथच्या एका कारखान्यात गणनखात्यात कारकून होतो. खातं म्हणजे माडीवरची एक खोली, दोन टेबलं, दोन माणसं आणि हातानं फिरवायचं एक गणनयंत्र. खिडकी उघडली की काडेपेटीच्या कारखान्याचा गंधकाचा वास आत यायचा, म्हणून ती उन्हाळ्यातही बंदच असायची.

दुसरा माणूस जयदेव. बदलापूरच्या वेशीवरच्या खरवईचा, भातशेती करणाऱ्या घरातला, पण गणितात माझ्या चार पावलं पुढे. यंत्रावर आकड्यांच्या तीन खिडक्या होत्या. माहितीपुस्तकात त्यांना रजिस्टर म्हटलं होतं. जयदेव त्यांना घरं म्हणे. पहिल्या घरात मिळवायचा आकडा, दुसऱ्यात बेरीज, तिसऱ्यात यंत्राची मूठ किती वेळा फिरली ते. आकड्यांची माळ काढायची असली की तो मला पेन्सिलीनं पायऱ्या लिहून द्यायचा.

एक, दुसऱ्या घरात शंभर आणि पहिल्यात दहा बसवा. दोन, मूठ एकदा फिरवा. तीन, दुसऱ्या घरातली बेरीज तक्त्यात उतरवा. चार, पहिल्या घरात चार वाढवा. पाच, तिसऱ्या घरात साठ आले असतील तर थांबा. नसतील तर पुन्हा दोनवर जा.

"डोकं चालवू नकोस," तो हसून म्हणायचा. "डोकं कागदात घातलंय. तू नुसता फिरव."

हीच माळ मार्चमध्ये एका कॅमसाठी लागत होती. कॅम म्हणजे फिरता फिरता हत्याराला पुढे ढकलणारी चकती. तिचा आकार आमच्या तक्त्यावरून कापला जायचा. त्या दिवशी मला साडेचारला बदलापूरला मुलगी बघायला जायचं होतं. एक्केचाळिसाव्या फेरीला मी घड्याळाकडे पाहिलं, तीन वाजत आले होते, आणि चौथी पायरी राहून गेली. पुढची बेरीज तीन हजार नऊशे चौसष्ट यायची ती तीन हजार नऊशे साठ आली. तिथून खालचा प्रत्येक आकडा चुकत गेला. शेवटचा आकडा ताडून पाहायचा नियम होता. मी न पाहताच सही ठोकली आणि गाडी पकडली.

मुलगी पसंत पडली. सुहासिनीशी माझं मे महिन्यात लग्न झालं.

जूनमध्ये ती चकती बसवलेलं यंत्र अडकलं. ते चालवणारा हिरामण बुवापाड्यात राहायचा, मला येताजाता रामराम करायचा. त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी दुसऱ्या दिवशी होती. पायऱ्यांचा कागद माझ्याच खणात होता. मी खोडरबर घेतलं, चौथी ओळ पुसली आणि पाचव्या ओळीचा आकडा चार केला.

"मी कागदाप्रमाणेच केलं, साहेब," मी आमचे साहेब श्रीपादराव यांना म्हणालो.

त्यांनी तक्ता पहिल्यापासून ताडला नाही, कागद जयदेवपुढे सरकवला. जयदेवनं तो उचलून उजेडाकडे धरला. पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद टेबलावर ठेवला.  तसाच घरी गेला, तो परत आला नाही. त्याची जागा मला मिळाली.

जुलैत एका दुपारी, तीनच्या सुमारास, मी गिअरच्या दात्यांचा साधा तक्ता करत होतो. तिसऱ्या घरात एक्केचाळीस आले. मी मूठ फिरवली. एक्केचाळीसच राहिले. पुन्हा फिरवली. आतली चाकं नेहमीसारखी खडखडली, पण आकडा हलला नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून एक सिंधी मेकॅनिक आला. त्यानं यंत्र उघडलं, तेल दिलं, माझ्यादेखत शंभर फेऱ्या मारल्या. घर एकापासून शंभरापर्यंत सरळ गेलं.

"साहब, मशीन एकदम बराबर है," तो म्हणाला. "आप चलाओ."

मी चालवलं. एक्केचाळीसला अडकलं. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला आणि हत्यारं आवरून गेला.

मग दुसरं घरही बिघडलं. पहिल्यात काहीही बसवा, एक्केचाळीसला पोचलं की पुढची बेरीज तीन हजार नऊशे साठ. रोज, तीनच्या सुमारास. यंत्र बाजूला ठेवून मी कागदावर हातानं बेरजा केल्या. एक्केचाळिसाव्या ओळीखाली माझ्याच अक्षरात तोच आकडा उतरला.

ऑगस्टच्या एका रविवारी मी खरवईला गेलो. जयदेवचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. पत्ता विचारायचा होता, पण पाय विचारायला थांबले नाहीत. नांगरलेल्या चिखलाला वळसा घालून मी थेट त्याच्या ओटीपुढे उभा राहिलो.

जयदेव ओटीवर बसला होता. समोर एक रिकामी खुर्ची होती.

"ये, हेमचंद्र. बस."

त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी बसलो. 

"जयदेव, मला तुला काही सांगायचंय."

"माहितीये. मुलगी बघायला जायचं होतं. घड्याळाकडे पाहिलंस. न ताडता सही केलीस."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"कधी?"

"रोज येतोस. तीनच्या सुमारास. ह्याच खुर्चीत बसतोस." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सहीपर्यंत सांगतोस आणि परत पहिल्यापासून सुरू करतोस. पुढे कधी जातच नाहीस."

तीन वाजता मी रोज अंबरनाथला असायचो. हजेरी होती, साक्षीदार होते. पण मान वर होईना.

"चौथी ओळ मी पुसली," मी म्हणालो.

जयदेवनं डोळे मिटले.

"आज बोललास," तो म्हणाला. "आता साहेबांना सांग. हिरामणला सांग."

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही सांगितलं. हिरामणनं दार लावून घेतलं. माझी नोकरी गेली. जयदेवला परत बोलावणं गेलं, पण तो आला नाही. हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी मी उठलो तेव्हा त्याची आई, वेणूबाई, आतून चहा घेऊन आली.

"आज तरी च्या घ्या, भाऊ. रोज तसंच उठून जाता."

मी उभ्या उभ्या चहा प्यालो. पायरी उतरलो तशी तिनं मागून हाक मारली.

"आन् ही तुमची छत्री न्या. काल इसरून गेलात."

छत्री ओली होती. मुठीजवळच्या कापडावर सुहासिनीनं लाल दोऱ्यानं शिवलेलं माझं नाव होतं.

माझी छत्री माझ्या काखेत होती.