धाग्याबाहेरचे

रेशनच्या यंत्रावर निनाद ढवणने अंगठा टेकवला, तर यंत्र म्हणालं, "अशी व्यक्ती आढळत नाही." माणूस समोर धडधाकट उभा, आणि म्हणे आढळत नाही! उभा जन्म दीपगृहात एकट्याने दिवा राखलेल्या निनादचा पारा चढला. त्याने थेट धाकट्या बहिणीची वेधशाळा गाठली. हा सगळा उपद्व्याप तिच्याच डोक्यातून निघाला होता.

डॉ. सायलीची 'धागा-कसोटी' जगभर गाजलेली. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या पोटातला भडका. तिथलं अजस्र कृष्णविवर भोवतालचा वायू गिळू लागलं की तो पेटतो. इतक्या दुरून मात्र तो साध्या ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. मग ओळखायचा कसा? दीर्घिका विश्वात लांबच लांब धाग्यांवर ओवलेल्या असतात. सायलीने ठरवून टाकलं: ठिपका धाग्यावर असला तर क्वेसार, एकटा असला तर चूक. नकाशा झकास निघाला. पुढे सरकारने तीच कसोटी बोगस नावं हुडकायला लावली. नात्यागोत्याच्या, बोलण्याचालण्याच्या धाग्यावर जो नाही, तो माणूसच नाही.

"एकटे क्वेसार नसतातच का गं?" निनादने विचारलं.

"असतात, दादा. थोडे."

"त्यांचं काय केलंस?"

"पुसले. थोड्यांसाठी अख्खा नकाशा नासवायचा?"

"वा! म्हणजे मी त्या थोड्यांतला."

सायली वरमली. पण चूक जाहीर करायची तर आयुष्यभराचं नाव मातीत जाणार होतं. तिने सोपी वाट काढली. "तुला माझ्याशी जोडते. सख्खी बहीण आहे मी."

"आठवलं म्हणायचं," निनाद म्हणाला. आईच्या तेराव्यानंतर तिने त्याला एकदाही फोन केला नव्हता.

पडद्यावर दोन ठिपके उमटले, मध्ये रेघ आली आणि लगेच पुसली गेली. 'दोन्ही ठिपके एकटे. जोडी ग्राह्य नाही. दोन्ही रद्द.'

सायली पांढरीफटक पडली. तिचं बोलणंचालणं कित्येक वर्षं दुर्बिणीशीच होतं. आजवर तिची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ती आज तिने स्वतःच ओढवून घेतली होती. दोन चुका शेजारी आल्या म्हणून धागा होत नाही, हा नियमही तिचाच.

"आता तरी सांगशील ना, कसोटी चुकली म्हणून?"

"सांगते, दादा. आत्ताच सांगते." तिने घाईघाईने निवेदन लिहिलं आणि पाठवण्यासाठी अंगठा टेकवला.

"अशी व्यक्ती आढळत नाही," यंत्र म्हणालं.