चावी आधी काउंटरवर

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वळला नसता, तर राजेश्री त्या दुकानात शिरलीच नसती. तिला बोर्ड परभणीला जाऊन करून घ्यायचा होता, जिथं तिला कुणी ओळखत नाही. पण गंगाखेडच्या बसस्टँडमागच्या त्या बोळात बाजूला व्हायला जागा एकच होती – फ्लेक्सवाल्याची पायरी. ती चढली, तसा आतल्या पोरानं कॉम्प्युटरवरून मान वर केली.

"बोर्ड करायचाय, का नुसता ऊस जाऊ द्यायचाय?"

राजेश्रीला हसू आलं. हसल्यावर मग तसंच निघून जाणं बरं दिसेना. तिनं पर्समधला घडी केलेला कागद पुढं केला. तो मोठ्यानं वाचायला लागला.

"एक. बसण्याआधी गाडीची चावी काउंटरवर ठेवावी. दोन. ज्याचा तोल जातोय त्याला पुन्हा भरून देऊ नये, मालकानं सांगितलं तरी. तीन. शुद्धीवर असेल त्यालाच चावी परत. नसेल त्याला आधी जेवू घालावं..." तो थांबला. "कशाचा बोर्ड हाय हा?"

"मं... मंगल कार्यालयाचा."

"मंगल कार्यालयात तोल जातो?"

"वऱ्हाडाचा जातो कधीकधी."

"आन् चावी? नवरदेवाची बी घ्यायची का, पळून जाऊ नये म्हणून?" त्याचे डोळे हसत होते. "मी मल्हार. पावतीवर नाव काय टाकू?"

तिनं पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "सृष्टी."

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या वडलांना, भुजंगरावांना, परमिट रूमचं लायसन मिळालं ते नेमकं ती जन्मली त्या आठवड्यात. लेकीचा पायगुण म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं पाटी लावली – हॉटेल राजेश्री. तेव्हापासून तिचं नाव परभणी रोडवर लाल दिव्यांत लुकलुकत होतं. शाळेत हजेरी झाली की मागचा बाक खिदळायचा. पाहुणे बघायला यायचे, नाव ऐकायचे, चहा तेवढा संपवायचे. आणि गेल्या दिवाळीत एक म्हातारा मोटारसायकलवरून कॅनॉलच्या वळणावर पडला, पाय मोडून घेतला. राजेश्रीत पिऊन पडला, असं सगळा तालुका म्हणाला. ते वाक्य तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

म्हणून हे नियम. वडील पोट धरून हसले होते. "दारूच्या धंद्यात नीती? वाघानं एकादशी धरल्यासारखं झालं!"

"धरू द्या की, बाबा," ती म्हणाली होती. "तेवढे दिवस शेळ्या सुखानं चरतील."

एका बोर्डासाठी तिला चार हेलपाटे पडले. दर वेळी तिला नवा नियम सुचायचा. नियमासाठी दुकानात जात होती की दुकानासाठी नियम सुचत होते, हे तिचं तिलाच ठाऊक! मल्हार तिची भाषा दुरुस्त करायचा. "मद्यप्राशन काढा हो. आमच्या बापाला कळंल असं लिवा." दारातून कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास यायचा, चहा निवून जायचा, आणि कागद देता-घेता बोटं उगाच जरा रेंगाळायची. "सृष्टी, बघा बरं," असं तो म्हणाला की तिला सुखही व्हायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. ते सगळं दुसऱ्याच कुणा मुलीच्या नावावर चाललं होतं.

चौथ्या वेळी तो म्हणाला, "पहिला नियम लय आवडला मला. आधीच असता तर माझा बाप लंगडला नसता."

"म्हणजे?"

"रायभान धनगराचा पोरगा मी. दिवाळीत बाप राजेश्रीत पिऊन पडला."

तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. बोर्ड तयार होता, तो न घेताच ती निघाली.

नंतर आठ दिवस ती त्या बोळात फिरकली नाही. रोज दुपारी हॉटेल उघडण्याआधी ती वेटरांना नियम शिकवायची. सुग्रीव प्यायल्याचं सोंग करायचा, भारत त्याला नाही म्हणायचा.

"काका, आता जेवून घ्या," भारत खाली बघत पुटपुटला.

"नजरेला नजर देऊन म्हण," राजेश्री म्हणाली. म्हणताना तिची स्वतःचीच नजर फरशीवर होती.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. काखेत बोर्ड मारून मल्हार आत आला.

"सापडलं बाबा एकदाचं मंगल कार्यालय! पाचव्या नियमात क्वार्टर लिवलीय तुमी, सृष्टीबाई. तवाच म्हणलं, परभणी रोडच्या एकेका बारमधी वऱ्हाड कुठं उतरलंय ते बघावं." त्यानं ऐटीत चावी काउंटरवर ठेवली. "नियम पहिला. इथं कामाला हाव म्हणून सांगायला लाजलात व्हय?"

आता गप्प राहिले तर जन्मभर गप्पच राहीन, असं तिला वाटलं.

"माझं नाव सृष्टी न्हाई. बाहेर पाटीवर हाय ते माझं नाव." ती म्हणाली. "आन् दिवाळीत... मी इथंच उभी होते. तुमच्या वडलांचा तोल जायलाय, हे मला दिसलं होतं. मी मोबाइलमधी मान घातली."

सुग्रीव आणि भारत हळूच स्वयंपाकघरात सटकले. मल्हारच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यानं बोर्ड भिंतीला टेकवला आणि तो पायीच निघून गेला.

चावी काउंटरवरच राहिली. राजेश्रीला रडू आलं, पण तिनं खिळे मागवले आणि बोर्ड स्वतः ठोकला. त्याची गाडी दुपारभर तिच्या नावाखाली उभी होती. भुजंगरावांनी विचारलं, "चावी कुणाची गं?"

"हाय एकाची. येईल," ती म्हणाली. येईल याची तिला मुळीच खात्री नव्हती.

दिवेलागणीला तो आला. चपला धुळीनं माखल्या होत्या.

"गोदावरीच्या घाटावर बसलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी बापाचा फोन आला होता मला. मल्हार, न्यायला ये, म्हणला. रोजचंच हाय म्हणून मी कट केला." त्यानं मान खाली घातली. "तीन महिने झाले, सगळ्याला राजेश्रीचं नाव सांगायलोय. माझं एकदाबी सांगितलं न्हाई."

इतके दिवस ही लाज आपल्या एकटीचीच आहे, असं राजेश्रीला वाटत होतं.

तिनं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. मग तो हळूच म्हणाला, "चावी द्या."

तिनं भिंतीकडं बोट केलं. "नियम तिसरा. शुद्धीवर हाव का?"

मल्हारनं मान वर केली. बोर्ड वाचला, मग तिच्याकडं पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला. "...तुमचा पहिला कागद वाचला तवापासून न्हाई."

"मग चावी मिळत नसते."

"मग?"

"आधी जेवून घ्या."

तो खुर्ची ओढून बसला. "भाकरी आणता, राजेश्री?"

आपलं नाव ऐकून तिनं सवयीनं मान खाली घातली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "आणते की."