लाभ, नऊ, चार

स्मृतिपेटीनं दिगंबरकाकांना दुसऱ्यांदा हाकललं. "नामांक चुकला," एवढंच म्हणाली मेली! आता एकच संधी उरली होती. तीही हुकली की पेटी कायमची बंद, आणि आत गेलेल्या बायकोचा, वत्सलाबाईंचा आवाज, सगळ्या संसाराची बडबड.

पेटीला डोळे दाखवून उपयोग नव्हता. ठसे, चेहरे, आवाज, सगळ्यांची नक्कल व्हायला लागली, तेव्हापासून माणसाची ओळख म्हणजे त्याचा नामांक. जन्मताच मिळणारी दीडशे आकडी मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारी. लग्नात दोघांच्या नामांकांचा गुणाकार करून तो जोडांक पेटीवर उघड कोरत. गुणाकार चुटकीसरशी होतो. पण त्यातून मूळचे दोन आकडे सुटे करायला जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी सूर्य विझायची वेळ येईल. एक हाती असला, तर मात्र दुसरा साध्या भागाकारानं मिळतो. गेलेल्या माणसाचा नामांक पेटी मानत नसे. मागे राहिलेल्यानं आपला तोंडपाठ म्हणायचा.

वत्सलाबाईंची भाची केतकी गणितज्ञ. ती धावत आली. "काका, म्हणा बघू."

काकांनी डोळे मिटून सूर लावला. "लाभ, नऊ, चार, लाभ, सात…"

"थांबा. लाभ?"

"लाभ म्हणजे एक. एवढी शिकलीस, आणि हे ठाऊक नाही?"

"आहे ना. बार्शीला आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, ज्वारी मापताना पहिल्या मापाला एक नाही, लाभ म्हणायचे. पण तुम्ही पडलात घड्याळजी. तुमच्यात कुणी माप धरलं होतं?"



केतकीनं सगळा आकडा म्हणवून घेतला आणि आपल्या यंत्रावर जोडांकाला त्यानं भाग दिला. बाकी शून्य.

"काका, हा मावशीचा आहे."

"काहीतरीच! रोज म्हणतो मी."

"रोज ती म्हणायची. भाकरी थापताना."

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग माझा कुठं गेला ग?"

"हा काय, भागाकारात निघाला." केतकीनं आकडा मोठ्या अक्षरांत लिहून दिला. "पाठ करा, पेटी उघडेल."

काका हट्टाला पेटले. "तीन, आठ, एक, एक, सहा…" आठवडाभरात निम्मा आकडा जिभेवर बसला. केतकीनं शाबासकीही दिली.

मग एका सकाळी चहा उकळताना सवयीनं जुना सूर लागला. "एक, नऊ, आठ…" काका दचकले. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा 'एक'च आलं, 'लाभ' नाही.

त्यांनी गॅस बंद केला आणि केतकीला बोलावून घेतलं. "केतके, ने तो कागद."

"अहो, तिचा आवाज ऐकायचा नाही का?"

"ऐकायचाय ग, जीव तुटतो माझा! पण हा आकडा आत शिरतोय आणि ती बाहेर चाललीय."

काका खुर्चीत बसले, डोळे मिटले. "लाभ…" पुढचं काही केल्या आठवेना.

केतकीनं यंत्रात बघून हळूच सांगितलं, "नऊ."

"तू नको सांगूस," काका म्हणाले. "तिला सांगू दे."

आणि ते वाट बघत बसले.